सुरी बाळगताना : निवड, निगा आणि बचावाचा हक्क

कोकणात व गोमंतकात कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत कोयती अडकवून शेताकडे निघालेला शेतकरी पाहून कोणालाही भय वाटत नाही. पाडेली माडावर चढतो तो कोयता घेऊनच. आंब्या-काजूची कलमे बांधणाऱ्याच्या पिशवीत चाकू असतो, मासळी विकणारीच्या पाटीशेजारी सुरी असते आणि धनगर रानात जाताना धारेची एखादी वस्तू सोबत ठेवतोच. तोच शेतकरी तीच कोयती घेऊन रात्री जत्रेच्या गर्दीत उभा राहिला, तर मात्र पाहणाऱ्याच्या मनात निराळा विचार येतो. वस्तू तीच असते. स्थळ, वेळ आणि हेतू बदललेले असतात. सुरीसंबंधीच्या कायद्याचे मर्म बहुतांशी याच फरकात सामावलेले आहे.

अलीकडे स्वसंरक्षणासाठी म्हणून न मिटणारी, आखूड पात्याची, म्यानात राहणारी लहान सुरी विकत घेण्याकडे अनेकांचा कल दिसतो. रात्रपाळीहून परतणारे कामगार, वाडीत वा मळ्यावर एकटे राहणारे वृद्ध, दूरच्या गावी शिकण्यास अगर नोकरीस जाणाऱ्या मुली यांना अशी सुरी जवळ असल्यास धीर वाटतो. ही भावना समजण्याजोगी आहे. तथापि सुरी कोणती घ्यावी, ती कोठे व कशी बाळगावी आणि प्रसंग ओढवल्यास कायदा कितपत पाठीशी उभा राहतो, याची माहिती नसल्यास संरक्षणासाठी घेतलेली वस्तूच संकटाचे कारण ठरू शकते. यास्तव या विषयाची सर्व अंगे येथे थोडक्यात मांडली आहेत.

अवजार कोणते, शस्त्र कोणते?

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द सुताराच्या पटाशीलाही लागू होतो आणि शिपायाच्या तलवारीलाही. कायदा मात्र या दोहोंत भेद करतो. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या कलम २ मधील व्याख्येनुसार, हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनविलेली अथवा तसा उपयोग व्हावा म्हणून बदल केलेली कोणतीही वस्तू ‘शस्त्र’ ठरते. तीत अग्निशस्त्रांबरोबर धारदार व प्राणघातक हत्यारेही येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू या व्याख्येतून वगळल्या आहेत, आणि त्यांची उदाहरणे म्हणून लाठी व साधी हातकाठी यांचा उल्लेख खुद्द कायद्यातच केलेला आहे.

या व्याख्येतील ‘बचावासाठी’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. ‘ही सुरी कोणावर हल्ला करण्यासाठी नाही, केवळ स्वसंरक्षणासाठी आहे,’ असे सांगितल्याने ती शस्त्राच्या व्याख्येबाहेर जाईल अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. बचावासाठी म्हणून घडविलेली सुरी हेही शस्त्रच होय. उलट नारळ सोलण्याची, कलमे बांधण्याची, दोर कापण्याची वा भाजी चिरण्याची सुरी ही तिच्या घडणीनेच अवजार असते. सुरी निवडताना हा भेद प्रथम ध्यानात ठेवावयास हवा.

नऊ इंचांचे माप

पात्याची लांबी नऊ इंचांपेक्षा कमी असली म्हणजे कोठलीही अडचण नाही, असे गावोगावी सांगितले जाते. या समजुतीचे मूळ शस्त्र नियमांतील वर्गवारीत आहे. पूर्वीच्या १९६२ च्या नियमांची जागा आता शस्त्र नियम, २०१६ यांनी घेतलेली आहे. या नियमांच्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले आदींचा समावेश असून, ९ इंचांहून (सुमारे २३ सेंटिमीटर) अधिक लांब किंवा २ इंचांहून (सुमारे ५ सेंटिमीटर) अधिक रुंद पात्याच्या सुऱ्या व तत्सम हत्यारेही त्याच वर्गात मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय अथवा औद्योगिक कामासाठी बनविलेल्या वस्तू यातून वगळलेल्या आहेत. म्हणूनच कोयत्याचे पाते दोन इंचांहून रुंद असूनही शेतकरी शेतीच्या कामासाठी तो बाळगू शकतो.

अग्निशस्त्रांना सर्वत्र परवाना लागतो. इतर शस्त्रांच्या बाबतीत अधिनियमाचे कलम ४ महत्त्वाचे आहे. एखाद्या प्रदेशातील परिस्थिती पाहून तेथे अशा शस्त्रांवरही नियंत्रण हवे असे शासनास वाटल्यास राजपत्रात अधिसूचना काढता येते. त्यानंतर त्या प्रदेशात, अधिसूचनेत नमूद केलेल्या प्रकारचे शस्त्र परवान्याशिवाय बाळगणे हा कलम २५ खाली कारावासाचा गुन्हा होतो. अधिसूचनेतील माप नऊ इंचांचेच असेल असेही नाही. दिल्ली प्रशासनाच्या २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेत खटक्याच्या व तत्सम यांत्रिक युक्तीने उघडमीट होणाऱ्या चाकूंसाठी लांबी ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर अशी मर्यादा घातलेली आहे. म्हणजे तीन इंचांचे पातेही तेथे आक्षेपार्ह ठरू शकते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नित्य ये-जा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्या जिल्ह्यात कोणती अधिसूचना लागू आहे याची माहिती जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारता येते.

शीख बांधवांच्या कृपाणाचा प्रश्न निराळा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे व बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानलेले आहे. नांदेड, इंदूर, हैदराबाद अशा शहरांतील सेवकवर्गाने व शिक्षकांनी ही तरतूद माहीत करून घ्यावी, म्हणजे अकारण वाद उद्भवणार नाहीत.

मनाई आदेशाचा काळ

मापात बसणारी व कामाची सुरीदेखील काही वेळा घरी ठेवणे भाग असते. निवडणुका, मिरवणुका, दंगलीची भीती अशा प्रसंगी जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अंमलात आल्याने आता ते तिच्या कलम १६३ खाली निघतात. असा आदेश सामान्यतः दोन महिन्यांपर्यंत लागू राहतो. राज्य शासनास त्याची मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढविता येते. याखेरीज महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आणि बडोद्यासह गुजरातेत गुजरात पोलीस अधिनियम, १९५१ यांच्या कलम ३७ खाली तलवारी, भाले, सोटे, सुऱ्या, काठ्या व लाठ्या सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास मनाई करता येते. अशा आदेशात काठीचीही नावानिशी गणना असल्याने सुरीची सबब चालण्याचा संभव नसतो.

गर्दीत सुरी जवळ असण्याचा आणखी एक धोका आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ नुसार बेकायदेशीर जमावात सामील होणे हा गुन्हा आहेच. परंतु सामील झालेल्या व्यक्तीजवळ प्राणघातक हत्यार आढळल्यास शिक्षा दोन वर्षांपर्यंत वाढते. जत्रेत वा सभेत बाचाबाची सुरू झाली आणि पट्ट्याला सुरी असलेला तरुण केवळ मित्रांसोबत त्यांच्या गटात उभा राहिला, तरी त्याच्यावरील आरोप इतरांपेक्षा गंभीर होऊ शकतो. म्हणून जत्रा, उरूस, मिरवणूक, मोर्चा, सामने व सभा यांस जाताना सुरी घरी ठेवणे हेच शहाणपणाचे. विमानात हातातील सामानात सुरी नेता येत नाही, आणि न्यायालये, विधानभवन अशा ठिकाणी ती तपासणीच्या दारातच अडते.

सुरीची निवड

वरील सर्व विचार लक्षात घेता, ज्याला सुरी बाळगावयाची आहे त्याने रोजच्या कामास उपयोगी पडणारी सुरी घ्यावी. ‘ही कशासाठी?’ या प्रश्नाला सहज व खरे उत्तर देता आले पाहिजे. दोर, पॅकिंगच्या पट्ट्या, फळे, सुपारी, कलमाच्या फांद्या यांसाठी तीन ते चार इंचांचे, म्हणजे साडेसात ते दहा सेंटिमीटरचे पाते पुरेसे होते. त्याहून लांब पाते नित्याच्या कामात अवजड ठरते आणि पाहणाऱ्याच्या मनात संशय निर्माण करते.

पाते एकाच बाजूने धारेचे असावे. दोन्ही बाजूंनी धार व मध्ये टोक असलेली सुरी भोसकण्यापलीकडे फारशा कामाची नसते. कामात अंगठा टेकण्यास तिला बोथट पाठच नसते. अशी घडण कट्यारीच्या व खंजिराच्या जातीची असल्याने, मालक काहीही सांगो, वस्तूचा आकार आधीच निराळी साक्ष देतो. काठीत वा छत्रीत लपविलेले पाते, लेखणीच्या आकाराची सुरी, कळ दाबताच उघडणारा चाकू या वस्तू आकर्षक वाटल्या तरी घेऊ नयेत. वस्तू लपविण्याची युक्ती हीच हेतूविषयी शंका घेण्यास कारण होते.

धातूच्या बाबतीत साधे कर्बयुक्त पोलाद आणि न गंजणारे पोलाद असे दोन मुख्य पर्याय आहेत. कर्बयुक्त पोलादाला धार चटकन लागते व ती तीक्ष्ण होते. परंतु कोकणपट्टीच्या दमट व खाऱ्या हवेत त्यावर गंज लवकर चढतो. न गंजणारे पोलाद सोयीचे असले तरी हलक्या प्रतीचे असल्यास त्याची धार टिकत नाही. गावचा लोहार ट्रकच्या कमानीच्या जुन्या पोलादी पाट्यांतून चांगली सुरी घडवू शकतो. घडविलेले पाते तापवून बुडविणे, म्हणजेच त्याला पाणी देणे, आणि नंतर बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालविणे, या दोन क्रियांवर सुरीचा कस अवलंबून असतो. नुसते पाणी दिलेले पाते कडक पण ठिसूळ राहते व टोक मोडते. पाणी कमी पडल्यास धार वळते. धारेवर कानस हलकेच फिरवून पाहावी: ती निसटत गेली तर पाते पुरेसे कठीण आहे, सहज खात गेली तर मऊ आहे.

मूठ हा सुरीचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे व दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्या रिव्हेटांनी पक्क्या बसविलेल्या असाव्यात. अणकुचीदार शेपूट लाखेने मुठीत बसविलेली सुरी स्वस्त मिळते, पण उष्णतेने व ओलाव्याने ती ढिली होते. साग, शिसव अथवा बाभळीची मूठ टिकाऊ असते. मुठीच्या पुढील भागी बोट अडेल असा उंचवटा वा खाच असणे अगत्याचे आहे. अन्यथा घामाने, पाण्याने किंवा तेलाने हात ओला असता बोटे पुढे सरकून धारेवर येतात आणि सुरी धरणाराच जखमी होतो. मूठ हाताच्या तळव्याच्या रुंदीपेक्षा किंचित लांब असावी.

म्यान व बाळगण्याची रीत

उघडी सुरी खिशात, पिशवीत वा कागदात गुंडाळून नेणे हे अपघातास आमंत्रण आहे. म्यान जाड चामड्याचे वा दोन लाकडी पट्ट्यांचे असावे, टोकाकडील भाग भक्कम असावा आणि मुठीवरून जाणारी बटणाची पट्टी असावी. म्यान उलटे करून हलविले असता सुरी गळून पडता कामा नये. चामडे ओलावा धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात सुरी रात्री म्यानाबाहेर काढून पुसून ठेवावी व पात्यावर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. धार लावण्याचा दगड पाण्याने भिजवून पाते एकाच कोनात, दोन्ही बाजूंनी सारखेच घासावे. बोथट सुरीला अधिक जोर लावावा लागतो आणि जोर लावताना ती निसटते. म्हणून कामात बोथट सुरी ही धारदार सुरीपेक्षा अधिक धोक्याची असते.

म्यान कमरेच्या बाजूला, मांडीच्या रेषेत बांधावे. पोटासमोर बांधलेली सुरी सायकल वा स्कूटरवरून पडल्यास पोटात घुसण्याची भीती असते, आणि पाठीच्या कण्यावर बांधलेली सुरी पडल्यावर कण्यास इजा करू शकते. गळ्यात अडकविलेली सुरी दोरी ओढली जाऊन गळफास बसण्याचे कारण होते. प्रवासात सुरी म्यानासह सामानाच्या तळाशी ठेवावी. काम संपताच ती घरी, मुलांच्या हाताला न लागेल अशा कुलपाच्या जागी जावी. दुसऱ्यास देताना मूठ पुढे करून द्यावी. पोलिसांनी चौकशी केल्यास सुरीवर हात न नेता ती कोठे आहे हे प्रथम सांगावे व कामाचे कारण शांतपणे निवेदन करावे.

संकटसमयी सुरीचा उपयोग किती?

सुरी जवळ असल्याने वाटणारा धीर आणि सुरीने प्रत्यक्षात होणारे संरक्षण यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेतील युटा राज्यात पोलीस प्रशिक्षण देणारे डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले : धावत येणारा मनुष्य २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. पोलिसाला कमरेचे पिस्तूल काढण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच हल्लेखोर अंगावर येऊन पोहोचतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. प्रशिक्षित पोलिसाची ही स्थिती, तर पदराखाली वा सदऱ्याखाली बटणाच्या म्यानात असलेली सुरी भेदरलेल्या माणसाच्या हाती वेळेवर येईल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

सुरी हातात आली तरी तिचा उपयोग हल्लेखोर हाताच्या अंतरावर आल्यावरच होतो, आणि त्या अंतरावर तोही सुरी हिसकावू शकतो. झटापटीत दोघांच्याही हातांना व बोटांना जखमा होतात. शिवाय दमदाटी करून निघून जाणारा मनुष्य समोर पाते पाहून अधिकच बिथरण्याचा संभव असतो. केवळ दाखवून समोरच्याला घाबरवावे, हा विचार तर सर्वांत घातक. दाखविलेली सुरी वापरावी लागते किंवा गमवावी लागते.

या तुलनेत साधी हातकाठी पुष्कळ उपयोगी आहे. ती हल्लेखोराला हातभर दूर ठेवते, कुत्री व साप यांच्यापासूनही रक्षण करते, आणि वर सांगितल्याप्रमाणे कायद्याने तिला घरगुती वस्तूंतच गणलेले आहे. मनाई आदेशाचा काळ एवढा अपवाद. बॅटरीचा प्रखर उजेड, शिट्टी, सोबत, रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करून घेणे, मळ्यावरील घराच्या दारास आतून भक्कम अडसर बसविणे, उशिरा परतण्याची वेळ घरी सांगून ठेवणे हे उपाय साधे असले तरी अनेकदा संकट येण्यापूर्वीच टाळतात. आणीबाणीत ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. आणि पळून जाण्यास वाट असेल तर पळून जाणे यात कमीपणा कोणताच नाही.

बचावाचा हक्क

एवढे असूनही प्रसंग ओढवलाच, तर कायदा नागरिकाला निःशस्त्र व असहाय मानत नाही. खाजगीरीत्या बचाव करण्याचा हक्क भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. स्वतःच्या व दुसऱ्याच्याही शरीराचे, तसेच मालमत्तेचे रक्षण करण्याचा हा हक्क आहे. तो हातातील वस्तूवर अवलंबून नाही. रिकाम्या हातांनी, काठीने, मुसळाने वा सुरीने केलेल्या बचावास तोच नियम लागू होतो.

या हक्काच्या मर्यादा कलम ३७ मध्ये स्पष्ट आहेत. सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेण्यास वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. हल्लेखोराचा प्राण जाईपर्यंत बचाव करण्याची मुभा कलम ३८ मध्ये मोजक्याच प्रसंगी दिलेली आहे : मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी यंत्रणेकडे जाता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवणे, आणि ॲसिड फेकणे. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ नुसार जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी, राहत्या घरास आग लावणे अशा गंभीर प्रसंगांपुरतीच ती मर्यादा आहे.

एक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. दिवसाढवळ्या कोणी वाडीत शिरून नारळ चोरीत आहे. मालकाला त्यास अडविता येईल, धक्का देता येईल, नारळ परत घेता येतील. चोर नारळ टाकून पळू लागला की मालमत्ता परत मिळाली व हक्क संपला. पाठीमागून केलेला वार हा बचाव नव्हे, गुन्हाच होय. तोच चोर उलटून कोयता उगारून अंगावर आला, तर मालकाच्या जिवास धोका निर्माण होऊन शरीररक्षणाचा हक्क सुरू होतो. तो धोका असेपर्यंतच टिकतो. हल्लेखोर खाली पडला, त्याच्या हातातील कोयता सुटला, की त्यानंतरचा प्रत्येक घाव मालकाच्या नावे जमा होतो. आपण होऊन भांडण उकरून काढणाऱ्यालाही या हक्काचा आश्रय सहसा मिळत नाही.

न्यायालये या बाबतीत वास्तव दृष्टीने पाहतात. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली आहेत. जिवावर बेतलेल्या माणसाने आपला प्रत्येक प्रतिकार गणिती अचूकतेने बेतावा अशी अपेक्षा करता येत नाही. तथापि वापरलेले बळ गरजेच्या अगदीच विपरीत प्रमाणात असता कामा नये, असा त्याचा आशय आहे. बचावाची परिस्थिती दाखवून देण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०८ नुसार आरोपीवर असतो. मात्र त्याने ती संभवनीय आहे एवढे दाखविले तरी पुरते. हक्काची मर्यादा सद्भावनेने ओलांडली जाऊन मृत्यू घडल्यास तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो, परंतु शिक्षा टळत नाही. आणि बचाव सिद्ध न झाल्यास धारदार हत्याराने केलेल्या साध्या दुखापतीस कलम ११८ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, तर जबर दुखापतीस जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

येथेच सुरीच्या निवडीचा मुद्दा पुन्हा उभा राहतो. कलमे बांधणाऱ्याने वाडीत, कामाच्या वेळी, हातातील चाकूने जीव वाचविला, तर त्याच्या सांगण्याला परिस्थितीचा आधार असतो. मुद्दाम खरेदी केलेला दुधारी खंजीर कपड्यांखाली लपवून भांडणाच्या जागी गेलेल्या मनुष्याला तोच आधार मिळणे कठीण.

प्रसंग घडल्यानंतर

अशा प्रसंगी प्रथम जखमीची, मग तो हल्लेखोर का असेना, काळजी घ्यावी. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. कापड भिजल्यास ते न काढता वरून दुसरे ठेवावे. शरीरात रुतलेली सुरी उपसून काढू नये, तिच्या भोवती कापड ठेवून ती हलणार नाही असे करावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नंतर ताबडतोब पोलिसांना कळवावे. सुरी धुणे, फेकणे, कपडे बदलून टाकणे किंवा गाव सोडून जाणे यांमुळे खरा बचावही खोटा वाटू लागतो. स्वतःच्या अंगावरील लहानसहान जखमांचीही शासकीय रुग्णालयात नोंद करून घ्यावी, कारण पुढे त्याच साक्षीदार ठरतात. वकील करण्याची ऐपत नसल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत साहाय्य मिळते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले इसम यांना उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी या विषयाकडे विशेष लक्ष द्यावे. दप्तरात सुरी आढळलेल्या मुलाला केवळ दरडावून सोडल्याने प्रश्न सुटत नाही. तो कोणाला भितो हे विचारणे अधिक गरजेचे असते. ज्या वाटेने जाताना मुलींना सुरी जवळ ठेवावीशी वाटते, त्या वाटेवर दिवा, बसची योग्य वेळ आणि पोलिसांची फेरी यांची मागणी ग्रामसभेत नोंदविली जावी. सुरी हे अवजार आहे, आणि अवजार म्हणूनच ती घरोघरी मानाने राहावी. जिवाचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्याचा वापर करण्याची पाळी गावातील फारच थोड्यांवर यावी, अशी व्यवस्था उभी करणे हे सर्वांचे काम आहे.